गाडीचे ऑटो हेडलाइट हाताने बंद-चालू करता येतील का?

पूर्वभागवाला:
नमस्कार मंडळी. दिवाळीत सेकंडहँड गाडी घेतली, 2021 चं मॉडेल. गाडी उत्तम आहे, फक्त हेडलाइटचा एक प्रश्न सुटत नाहीये. स्टिअरिंगजवळच्या दांडीवर, म्हणजे कॉम्बी स्विचच्या नॉबवर, तीनच खुणा आहेत: ऑटो, पार्किंग आणि हेडलाइट. 'ऑफ' अशी जागाच नाही. दिवस मावळला आणि इंजिन सुरू असलं की दिवे लागणार म्हणजे लागणार.

आमचं घर दत्तनगरच्या बाजूला, बोळ अरुंद. संध्याकाळी वडिलांना घेऊन बाहेर पडायचं तर जिना उतरायलाच त्यांना वेळ लागतो, गुडघे दुखतात. तोवर एसी लावून गाडी सुरू ठेवतो, उन्हाळ्यात त्यांना तापलेल्या गाडीत बसवणं बरोबर नाही. समोरच्या पायऱ्यांवर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. हेडलाइटचा झोत सरळ त्यांच्या डोळ्यांवर. त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत, सूप उचलून पाठ करून बसतात. पण पाठ केली की हातातल्या पानावर त्यांचीच सावली पडते. मला ते बघवत नाही.

गॅरेजमधल्या वायरमनचं म्हणणं, सेन्सरची वायर तोडून डॅशबोर्डखाली एक बटण देतो, तासाभराचं काम आहे. करून घ्यावं का? कुणी केलंय का?

विजापूररोडकर:
मालक, ते बटणाचं काम करू नका बघा. आमच्या मेव्हण्याच्या गाडीत असंच केलते. सेन्सरची वायर कापली तर लाइट बंद व्हायचं सोडून कायमच चालू राहायलेत! भर दुपारी सात रस्त्याला जो तो समोरून हाताची बोटं उघडझाप करून दाखवायलाय, लाइट चालू हाय म्हणून. शेवटी परत वायर जोडून घेतली. जोडलेली वायर ती जोडलेलीच, पावसाळा आला की त्रास देते.

जुना वायरमन:
मेव्हण्यांच्या गाडीत जे झालं ते होणारच होतं. त्याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

उजेडाचा सेन्सर म्हणजे डॅशबोर्डवर काचेच्या कडेला असलेला शर्टाच्या बटणाएवढा काळपट घुमट, नाहीतर आतल्या आरशामागे काचेला चिकटवलेली छोटी डबी. हा सेन्सर हेडलाइटला वीज देत नाही. बाहेर उजेड किती आहे एवढंच तो गाडीच्या बीसीएमला, म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूलला, कळवतो. दिवे लावायचे की नाही हे बीसीएम ठरवतो. आणि बहुतेक गाड्यांत बीसीएमला शिकवलेलं असतं की सेन्सरकडून काहीच आलं नाही तर रात्र आहे असं धर. वायर तुटो, वायरी जोडणारं कप्लर सैल होवो, पाणी जावो, दिवे लागलेलेच राहतात. ही रचना अगदी योग्य आहे. सेन्सर बिघडला म्हणून कुणाची गाडी रात्री बिनदिव्याची धावायला नको.

म्हणजे सेन्सर तोडून बटण देणं हे कामच उलटं. मग ते फसलं की काही जण हेडलाइटच्या बल्बकडे जाणारी वायर कापून तिथे बटण घालतात. हे तर अजिबात करू देऊ नका. एच-4 बल्ब डिमवर 55 वॅटचा असतो. 12 व्होल्टला एका बल्बचा करंट साडेचार अँपियरच्या वर जातो, दोघांचा मिळून नऊच्या वर. डॅशबोर्डखाली लावतात ती स्वस्तातली बटणं एवढा भार रोज सोसत नाहीत. आतले पॉइंट काळे पडतात, तापतात, प्लास्टिक मऊ पडतं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आधीच भाजत असतो. शिवाय आताच्या बऱ्याच गाड्यांत बीसीएम त्या वायरमधला करंट मोजत असतो. मधे तोडलं की बल्ब उडालाय असं समजून मीटरवर इशारा देतो. एलईडी हेडलाइट असतील तर त्या वायरिंगला बाहेरच्या माणसानं हातच लावू नये.

आता तुमच्या बोळाचं. वायर कापण्याआधी एक करा. अंधार पडल्यावर गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू, आणि नॉब ऑटोवरून पार्किंगवर आणा. काय होतं ते इथे सांगा.

जुळे सोलापूर:
माझी अडचण बरोबर उलट आहे. माझ्या गाडीचे हेडलाइट भर दिवसा लागतात आणि विझतात. पुलाखालून गेलं, झाडांची सावली आली की लागले. समोरच्याला वाटतं मी अप्पर मारतेय. दोन वेळा लोकांनी थांबून रागानं बघितलं. आधी असं होत नव्हतं, हल्लीच सुरू झालंय. मलाही ऑटो बंद करून हातानंच लावायचे आहेत.

जुना वायरमन:
ताई, तुमच्या नॉबवर 'ऑफ' असेल तर आजच्या आज हातानं वापरू शकता, काही बदलायला नको. पण आधी हे का होतंय ते बघू. हल्ली सुरू झालंय म्हणजे हल्ली काहीतरी बदललंय. समोरची काच बदलली का? काचेवर फिल्म लावली का? फास्टॅग नवा चिकटवला का? डॅशबोर्डवर मूर्ती, मोबाइलचा स्टँड, गालिचा असं काही ठेवलंय का?

जुळे सोलापूर:
काच बदललेली नाही. फास्टॅग मात्र नवा लावलाय, आरशाच्या अगदी मागे. आणि डॅशबोर्ड तापतो म्हणून त्यावर मखमली कापड टाकलंय.

जुना वायरमन:
मग बाहेरून गाडीसमोर उभं राहून आरशामागे बघा. काचेच्या काळ्या पट्ट्यात मधे जी मोकळी खिडकी असते, तिच्यावर फास्टॅगची कडा येते का? काही गाड्यांत सेन्सर खाली डॅशबोर्डवर असतो, तिथे कापड आलंय का तेही बघा. सेन्सरवर अर्धवट झाकण आलं की त्याला निम्माच उजेड मिळतो. मग साधी सावलीसुद्धा त्याला संध्याकाळ वाटते.

आकडे सांगतो म्हणजे लक्षात येईल. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या दिव्यांसाठी 48 क्रमांकाचा नियम आहे, बहुतेक कंपन्या त्याच धर्तीवर ऑटो दिवे जुळवतात. लक्स हे उजेड मोजायचं माप. बाहेरचा उजेड 1000 लक्सच्या खाली गेला की 2 सेकंदांच्या आत डिम लागला पाहिजे. 7000 लक्सच्या वर गेला की विझवायचा, पण लगेच नाही, किमान 5 आणि जास्तीत जास्त 300 सेकंद थांबून. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीवर सोडलंय. कडक उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. त्यामुळे सेन्सर स्वच्छ असेल तर झाडाच्या सावलीनं दिवे लागायचं कारण नाही.

बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. जिथे नसते तिथे सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावून करून देतात. पण पहिलं काम फास्टॅग आणि कापड.

पूर्वभागवाला:
वायरमन काका, काल रात्री करून बघितलं. पार्किंगवर नॉब आणला आणि हेडलाइट विझले! पुढचे छोटे दिवे, मागचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा तेवढा राहिला. वडील बसले, गाडी निघाली, बोळाच्या तोंडाशी थोडा वेग घेतला तर नॉब पार्किंगवर असतानाच हेडलाइट आपोआप परत लागले. म्हणजे विसरायची भीतीपण नाही. गाडी घेतल्यापासून हे कुणी सांगितलं नव्हतं, जुन्या मालकानंही नाही.

जुना वायरमन:
छान झालं. नव्या गाड्यांत हीच पद्धत येतेय. जपानमध्ये नव्या मॉडेलना ऑटो हेडलाइट एप्रिल 2020 पासून सक्तीचे केले, चालत्या गाडीत ते बंद ठेवायची सोय काढून टाकली. गाडी उभी असेल तेव्हाच बंद करता येतात. काही गाड्यांत 'ऑफ' ही खूण असते, पण नॉब तिकडे नेऊन सोडला की स्प्रिंगनं परत ऑटोवर येतो. लोकांना वाटतं नॉब बिघडलाय. खरं तर उभ्या गाडीपुरता बंदचा हुकूम बीसीएमनं ऐकलेला असतो. गाडी हलली की तो रद्द.

सगळ्यांना विनंती, गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा आणि दिव्यांचं पान वाचा. गॅरेजात जाण्याआधी तेवढं तरी करा.

माळढोक:
चांगला धागा. मी नान्नज आणि आसपासच्या माळरानांवर पहाटे-संध्याकाळी जातो, काळविटं आणि पक्षी बघायला. गाडी उभी करून इंजिन बंद केलं तरी हेडलाइट बराच वेळ जळत राहतात आणि कळप बिथरतो. यावर काही इलाज?

जुना वायरमन:
तो सेन्सरचा दोष नाही. घरी पोचल्यावर दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून गाडी दिवे थोडा वेळ चालू ठेवते. सेटिंगमध्ये हेडलाइट विझायचा वेळ असतो, तो शून्य करा. काही गाड्यांत हे काम स्क्रीनवर नाही तर दांडी एकदा ओढून होतं, तेही पुस्तकात दिलेलं असतं. माळरानात शिरताना चालत्या गाडीचे दिवे बंद करायचा विचार मात्र मनात आणू नका. तिथे मेंढरं, गुराखी, सायकलवाले असतात.

भीमाकाठ:
मी टेंभुर्णीकडचा, शेती आणि थोडी वाहतूक. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. इथे सगळे दिवे बंद कसे करायचे ते विचारताहेत. आमच्या रस्त्यावर माणसं मरतात ती दिवे न लावल्यानं. गाळप हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, वर ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, असला तर पाल्याखाली झाकलेला. तुम्ही सत्तर-ऐंशीनं येता आणि समोर एकदम काळी भिंत. अशा रस्त्यावर दिव्याचं बटण ड्रायव्हरच्या हातात देऊन काय मिळणार?

आणि एक धोका कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. नव्या गाड्यांना पुढे पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या असतात, दिवसा जळणाऱ्या. संध्याकाळी ड्रायव्हरला पुढे उजेड दिसतो, मीटर तर कायमच उजळलेला, त्याला वाटतं दिवे लागलेत. पण बऱ्याच गाड्यांत त्या पट्ट्यांबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. गाडी पुढून झगमगते आणि मागून अंधार. मी हायवेला असल्या गाड्या रोज बघतो. ऑटो बंद करून ठेवणारे बहुतेक असेच फिरतात.

जुना वायरमन:
भीमाकाठ यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे. त्या पट्ट्या म्हणजे डीआरएल. युरोपात 2011 पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना सक्तीच्या आहेत, आपल्याकडे गाड्यांना सक्ती नाही. दुचाकींचा हेडलाइट मात्र 1 एप्रिल 2017 पासून कायम चालू, त्यांचं बटणच काढलं. डीआरएलचं काम समोरच्याला आपण दिसावं एवढंच. रस्ता उजळायचं काम त्यांचं नाही.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट सांगतो, कारण हातानं दिवे चालवण्याचा खरा उपयोग तिथे आहे. हिवाळ्यात भिगवण-इंदापूर पट्ट्यात, उजनीच्या पाण्याजवळ, सकाळी दाट धुकं असतं. धुकं पांढरं, उजेड चहूकडून पसरलेला. सेन्सरला तो दिवस वाटतो आणि तो दिवे लावत नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. तेव्हा नॉब ऑटोवर ठेवून विसंबू नका, स्वतःच्या हातानं हेडलाइटवर आणा. अप्पर मात्र नको, तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. पावसाच्या दुपारीही तसंच. ऑटो हे अंधार ओळखतं, दिसत नाहीये हे ओळखत नाही. बंद करायचा हक्क हवा म्हणून भांडणाऱ्यांनी चालू करायचा हक्क आधी वापरावा, तो प्रत्येक गाडीत आहेच.

कोर्टाजवळचा:
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 182-ए चं पोटकलम 4 आलं: कायद्यात न बसणारा बदल मालकानं केला तर 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 105 प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, तसंच पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, दिवे हवेतच. अपघात झाला आणि वायरिंग कापलेलं निघालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्यावरच विचारणार. नॉब फिरवणं किंवा कंपनीनंच दिलेलं सेटिंग बदलणं हा मात्र गाडीतला बदल नाही.

अक्कलकोटरोड:
वरचं सगळं वाचलं, पटलं. तरी माझी अडचण राहतेच. गाडी बाहेर देशातल्या धर्तीची, जुनी. नॉब पार्किंगवर नेला तरी अंधारात हेडलाइट सोडत नाही. लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. कार्यालयाच्या दारात गाडी लावून इन्व्हर्टरवर बॅटऱ्या चार्ज करतो, म्हणून इंजिन बंद करता येत नाही. वरात समोरून आली की नवरा-नवरीच्या तोंडावर हेडलाइट, सगळी फ्रेम पांढरी. फक्त उभ्या गाडीपुरतंच हवंय. चालत्या गाडीत मलाही दिवे बंद नकोत.

जुना वायरमन:
उभ्या गाडीपुरतं म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो. कायद्याचं वर आलंच आहे, ते वाचून तुम्ही ठरवा. कामात एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवायची: आपण जोडलेलं काहीही बिघडलं तर दिवे लागले पाहिजेत, विझता कामा नयेत.

आधी सेन्सर कोणता ते बघा. आरशामागची पाऊस-उजेडाची एकत्र डबी असेल तर इथेच थांबा. ती बीसीएमशी डिजिटल भाषेत बोलते, तिला फसवता येत नाही. डॅशबोर्डवरचा साधा, दोन वायरींचा असेल तरच पुढे जा. कप्लर न काढता मागून मल्टीमीटरची बारीक सुई घाला आणि दुपारी इमारतीच्या मोकळ्या सावलीत गाडी उभी करून सिग्नलच्या वायरचं व्होल्टेज लिहून ठेवा. मग सेन्सरवर तळहात ठेवा. आकडा ठळकपणे बदलला पाहिजे. बदलला नाही तर वायर चुकीची धरलीय.

आता सेन्सरच्या जागी 100 किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. रेझिस्टर यासाठी की प्रीसेट चुकून शून्यावर गेला तरी सिग्नल सरळ अर्थला भिडू नये. सावलीत लिहिलेलं व्होल्टेज येईपर्यंत प्रीसेट फिरवा. ते आलं की प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका, रस्त्याच्या हादऱ्यानं फिरायला नको.

ही खोटी दुपार हँडब्रेक ओढलेला असतानाच बीसीएमपर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी पाच पायांचा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. 30 नंबरच्या पायाला बीसीएमकडे जाणारी सिग्नलची वायर, 87ए ला खरा सेन्सर, 87 ला आपला प्रीसेट. रिलेला वीज नसली की 30 आणि 87ए जोडलेले, म्हणजे खरा सेन्सर कामावर. 86 ला इग्निशनची वीज 2 अँपियरच्या फ्यूजमधून, आणि 85 ची अर्थ आधी आपण लावलेल्या वेगळ्या बटणातून, मग हँडब्रेकच्या दांडीखाली बसवलेल्या मायक्रोस्विचमधून. दोन्ही जुळले तरच रिले ओढणार. गाडीचा मूळ हँडब्रेक स्विच वापरू नका, त्याच्यावर रिलेचा बोजा टाकला तर मीटरवरचा इशारा गोंधळतो. वेगळा मायक्रोस्विच लावा.

रिले निवडताना एक काळजी. गॅरेजात सगळीकडे मिळतो तो 30-40 अँपियरचा हेडलाइटचा रिले इथे चालत नाही. त्याचे पॉइंट मोठ्या करंटसाठी असतात, ठिणगीनं साफ होत राहतात. इथून वाहणार मिलीअँपियरपेक्षाही कमी. काही महिन्यांत पॉइंटवर पातळ थर चढतो आणि सिग्नल अडतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून 12 व्होल्टचा छोटा सिग्नल रिले घ्या. त्याच्या पायांवर हे नंबर छापलेले नसतात, कॉइल, मधला, बंद आणि उघडा पॉइंट मीटर लावून ओळखा.

जोडणी करताना गाडीची मूळ वायर कापू नका. त्याच मापाचं नर-मादी कप्लर आणून मधे घाला, म्हणजे काढलं की गाडी होती तशी. वायर सोलून पिळून टेप गुंडाळायची नाही. डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि जोड उघडा पडतो.

झाल्यावर लगेच दिवे विझले नाहीत म्हणून घाबरू नका. वर लिहिलंय तसं बीसीएम उजेडाची खात्री करायला वेळ घेतो, काही गाड्या मिनिटभर घेतात. हँडब्रेक सोडला की मात्र दोन-तीन सेकंदांत दिवे लागलेच पाहिजेत. अंधारात, मोकळ्या जागेत, पुन्हा पुन्हा करून बघा. एकदा जरी लागले नाहीत तर सगळं काढून टाका.

जुळे सोलापूर:
वायरमन काका, फास्टॅगची कडा खरंच त्या खिडकीवर येत होती. बदलून खाली लावला, कापडही मागे सरकवलं. आज सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत आणि पुढे होटगी रोडला जाऊन आले, दिवे एकदाही लागले नाहीत. संध्याकाळी वेळेवर लागले. आता ऑटोवरच ठेवणार.

विजापूररोडकर:
मेव्हण्याला हा धागा पाठवलाय. पाऊस सुरू व्हायच्या आधी जोड उघडून डाग द्यायला सांगितलाय त्याला.

अक्कलकोटरोड:
काका, मनापासून आभार. एकच शंका. माझ्या गाडीला हँडब्रेकची दांडी नाही, बटणाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहे. मायक्रोस्विच कुठे बसवू?

जुना वायरमन:
मग हे काम करू नका. इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या वायरिंगमधून सिग्नल घेणं म्हणजे ब्रेकमध्ये हात घालणं. मी ते कुणाला सांगणार नाही. नुसत्या बटणावरही रिले लावू नका, एखाद्या रात्री काम संपवून थकून निघाल तेव्हा बटण तसंच राहील. तुमची खरी गरज बॅटऱ्या चार्ज करायची आहे. त्यासाठी डिकीत वेगळी 12 व्होल्टची इन्व्हर्टर बॅटरी ठेवा, घरून चार्ज करून न्या आणि कार्यालयावर इंजिन बंद करा. बॅटरी किती अँपियर-अवरची घ्यायची ते तुमच्या चार्जरवर ठरेल. एकावेळी किती चार्जर लावता आणि त्यांच्यावर किती वॅट लिहिलंय ते टाका, हिशोब करून देतो.